भाचीच्या पीएचडीसाठी: आपणहून टाके घालणारा रोबॉट आणि साइटेशनचे आकडे (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे एरवी मी फक्त द्राक्षाच्या आणि महापुराच्या धाग्यांवर दिसतो. आज वेगळंच काम आहे.

ताईची मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला बाहेर जाऊन पीएचडी करायची आहे. विषय म्हणजे स्वायत्त शल्यचिकित्सा रोबॉट, थोडक्यात सर्जनने हँडल न हलवता आपणहून टाके घालणारं यंत्र. माझं सांगलीत पंपांचं आणि फवारणीच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे नोझल आणि प्रेशरच्या पुढे माझी मजल नाही.

रविवारी सगळे घरी जमलो होतो. भडंग खाता खाता तिने लॅपटॉपवर एका संशोधकाचं गूगल स्कॉलरचं, म्हणजे गूगलच्या संशोधन-पेपर शोधायच्या साइटवरचं, पान दाखवलं. उजवीकडे एक छोटा तक्ता, त्यात साइटेशन, एच-इंडेक्स आणि आय-टेन इंडेक्स, खाली दर वर्षाचे उभे पट्टे. पट्टे दरवर्षी उंच होत गेलेले. मी आपलं "वा, वा" केलं. ताईने चष्मा लावून नीट बघितलं आणि एकच विचारलं, "ह्याने आजवर माणसं किती बरी केली?"

भाची म्हणाली, "आई, तसं नसतं ते." ताई म्हणाली, "मग कसं असतं?" पुढे भडंग कुणी खाल्लं नाही.

तर प्रश्न असे:
तिच्यापुढे दोन मार्गदर्शक आहेत. एकाचे आकडे डोळे फिरवणारे, पण लॅबमध्ये माणसं पुष्कळ. दुसरा तरुण, त्याचे आकडे बेताचे, पण एका गाजलेल्या पेपरवर पहिलं नाव त्याचं. निवडताना ह्या आकड्यांना किती किंमत द्यायची? आणि ताईच्या प्रश्नाला खरं उत्तर काय?

नुसताच_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ताईंना साष्टांग.

प्रा_चहावाले

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, ह्या आकड्यांच्या गिरणीत रोज दळला जातो. आधी आकड्यांचं सांगतो.

साइटेशन म्हणजे नंतरच्या कुणीतरी आपल्या पेपरात "हे काम आधी अमक्याने केलंय" म्हणून दिलेला हवाला. हे हवाले पद्धतशीर मोजायला यूजीन गारफिल्ड यांनी सुरुवात केली. त्यांचा सायन्स साइटेशन इंडेक्स १९६४ मध्ये बाजारात आला. मूळ हेतू शोध घेण्याचा होता, म्हणजे हा पेपर पुढे कुणी वापरला ते सापडावं. माणसांना मार्क द्यायला तो वापरायचा हे नंतर सुचलं.

एच-इंडेक्स २००५ चा. जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. पेपर साइटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत साइटेशनचा आकडा क्रमांकाइतका किंवा जास्त आहे तिथे थांबायचं. उदाहरण घ्या. एकाचे पाच पेपर, साइटेशन ९०, १२, ५, ४, १. चौथ्याला ४ आहेत, पाचव्याला १, म्हणून एच ४. दुसऱ्याचे पाच पेपर, साइटेशन ६, ६, ५, ५, ५. ह्याचा एच ५. आता बेरीज करा. पहिल्याची ११२, दुसऱ्याची २८… थांबा, २७. तरी तक्त्यात दुसरा पुढे! म्हणजे ज्याने एक दणदणीत काम केलं त्याला एच-इंडेक्स शिक्षाच करतो. तुमच्या भाचीचा तो तरुण संशोधक बहुधा ह्यातला पहिला.

आय-टेन म्हणजे किमान १० साइटेशन मिळालेले पेपर किती. हा गूगलचा स्वतःचा आकडा.

आणखी एक. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच नेटवर टाकलेले पेपर), कुठल्याही साइटवर ठेवलेली पीडीएफ, सगळं मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ह्या साइटेशन मोजणाऱ्या दुसऱ्या दोन याद्या निवडक नियतकालिकंच घेतात, म्हणून एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. घाबरू नका, आणि वयाने वेगळ्या दोन माणसांची तुलना तर मुळीच करू नका. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही. नुसतं बसून राहिलं तरी वाढतो, पीएफसारखा.

हळदबाजार

शेवटच्या ओळीसाठी +१. माझा पीएफसुद्धा इतका वाढत नाही हो सर.

डॉ_टाका

मी मिरजेत सर्जन आहे, गेली बरीच वर्षं पोट उघडतोय आणि शिवतोय. ताईंचा प्रश्न मला आवडला, म्हणून जरा सविस्तर.

भाची ज्या गाजलेल्या पेपरबद्दल बोलतेय तो बहुधा 'स्टार'च्या मालिकेतला असणार. स्टार म्हणजे स्मार्ट टिश्यू ऑटोनॉमस रोबॉट. पहिला मोठा पेपर मे २०१६ चा, सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये. वॉशिंग्टनच्या एका मुलांच्या रुग्णालयातली टीम, त्यात पीटर किम आणि अ‍ॅक्सेल क्रीगर. डुकराच्या आतड्याची दोन टोकं यंत्राने स्वतः जोडून दाखवली. पोट उघडलेलं होतं आणि माणूस बाजूला लक्ष ठेवून होता, म्हणून शीर्षकातच 'देखरेखीखालची स्वायत्तता' असं म्हटलंय. साधारण चाळीस टक्के वेळा माणसाने थोडाफार हात लावला.

हाड कापणारे रोबॉट त्याच्या कितीतरी आधीचे. रोबोडॉकने १९९२ मध्येच खुब्याच्या सांध्यासाठी माणसाच्या मांडीच्या हाडात जागा कोरली होती. हाड सोपं असतं, कारण ते हलत नाही. आधी काढलेला स्कॅन आणि टेबलावरचं हाड एकसारखंच असतं. आतडं तसं नाही. हात लावला की सरकतं, ओढलं की लांबतं, आणि पेशंटने श्वास घेतला की सगळंच वरखाली होतं.

आता टाक्यांचं. आम्ही रेसिडेंट असताना आतडं जोडायचा सराव बोकडाच्या आतड्यावर करायचो. सकाळी खाटकाकडून आणायचं, धुऊन ट्रेमध्ये घ्यायचं, मधून कापायचं, परत शिवायचं. मग एका टोकाला चिमटा लावून दुसऱ्या टोकातून सिरिंजने निळं पाणी भरायचं आणि दाबायचं. आमचे सर मागे उभे असत. कुठून पाणी आलं की काहीच बोलायचे नाहीत, फक्त त्या जागेवर बोट ठेवायचे. दोन टाक्यांत अंतर जास्त पडलं की तिथून गळतं. फार जवळ घातले किंवा गाठ फार आवळली की कडेचा रक्तपुरवठा जातो आणि ते चार-पाच दिवसांनी गळतं, ते पाण्यात दिसत नाही. खऱ्या पेशंटमध्ये हे गळलं की पोटात घाण पसरते आणि जीव जाऊ शकतो. म्हणून ह्या एका कामावर लोक वर्षानुवर्षं घासत बसलेत.

स्टारच्या पेपरात मोजलं तेही हेच. टाक्यांमधलं अंतर किती एकसारखं, किती दाबाला गळलं, सुई किती वेळा काढून पुन्हा घालावी लागली, आतली पोकळी किती आकसली, वेळ किती लागला. अंतर आणि गळतीचा दाब ह्यांत यंत्र अनुभवी सर्जनच्या पुढे गेलं. वेळेत मात्र हाताने शिवणारा खूपच पुढे. पेपर वाचताना मला सरांचं ते बोट आठवलं.

जानेवारी २०२२ मध्ये सायन्स रोबॉटिक्समध्ये पुढचा पेपर आला. तोवर काम अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेलं होतं, पहिलं नाव हमेद सईदी यांचं. ह्यावेळी दुर्बिणीतून, म्हणजे लॅपरोस्कोपीने, चार जिवंत डुकरांवर. श्वासाबरोबर आतडं हलतं ते कॅमेऱ्याने टिपायचं, श्वास थांबतो त्या क्षणी टाका घालायचा. टाके कुठे घालायचे ह्याचा आराखडा यंत्र सुचवतं, माणूस मान्यता देतो.

तर ताईंना उत्तर: माणसं शून्य. डुकरं मोजकी. पण ते शून्य बघून हसू नका.

ओटीतला_बाळू

डॉक्टरसाहेब लई भारी लिवलंय. मी बावीस वर्षं ओटी टेक्निशियन हाय मिरजंत. लोकांचा एक गैरसमज काढतो. पेशंटचे नातेवाईक येत्यात, "रोबॉटनं ऑपरेशन करनार का?" म्हनत्यात. आवं, जो रोबॉट हास्पिटलात बघताय तो सोताहून बोट बी हलवत न्हाई. डॉक्टर कोपऱ्यात कन्सोलवर बसतो, त्यो हात हलवंल तसं यंत्र हलतं. डॉक्टर चहाला गेला की यंत्र गप. आमाला नुसतं हात बदलायचे, कव्हर घालायचं, आन कुठला हात कुठं आपटतोय ते बघायचं.

बंगळुरात_पडीक

बाळूदादा शंभर टक्के बरोबर. मूळचा तासगावचा, सध्या बंगळुरात रोबॉटिक्समध्येच नोकरी करतो, म्हणून चार ओळी.

२०१७ मध्ये सायन्स रोबॉटिक्समध्ये ग्वांग-झोंग यांग आणि इतरांनी वैद्यकीय रोबॉटच्या स्वायत्ततेच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मांडल्या. बाळूदादांचा कन्सोलवाला, म्हणजे दा विंची, शून्यावर. दा विंचीला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, तेव्हापासून तो मुळात शून्यावरच आहे आणि तरी जगभर चालतो. स्टार साधारण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या आसपास. पाच म्हणजे माणूस लागतच नाही, तसलं काही अस्तित्वात नाही.

बघा, त्या पायऱ्यांच्या लेखात एकही प्रयोग नाही. नुसती मांडणी. पण ह्या क्षेत्रात कुणीही पेपर लिहायला बसला की प्रस्तावनेत "स्वायत्ततेच्या पायऱ्या" म्हणून त्याचा हवाला देतो. आढावा घेणारे लेख आणि वर्गीकरणं ह्यांना असे हवाले आपोआप मिळतात. म्हणून भाचीने नुसता आकडा बघू नये, कुठल्या जातीच्या पेपरला तो मिळालाय ते बघावं.

आणखी एक जात आहे, अवजारांची. रुग्णालयांनी निवृत्त केलेल्या पहिल्या पिढीच्या दा विंचीचे हात घेऊन, त्यांना खुलं हार्डवेअर आणि खुलं सॉफ्टवेअर जोडून जॉन्स हॉपकिन्स आणि अमेरिकेतल्याच वूस्टर पॉलिटेक्निकच्या लोकांनी एक संशोधन-संच केला. दा विंची रिसर्च किट म्हणतात त्याला. पीटर कझान्झिडीस आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा पेपर आहे. हा संच वापरणारी लॅब तो पेपर साइट करते, कारण तिचं काम त्याच्यावरच उभं असतं. माझ्या लेखी हे साइटेशन सगळ्यात वजनदार. शेजाऱ्याची विहीर वापरली म्हणून मानलेले आभार आणि लग्नपत्रिकेत छापलेलं नाव, ह्यात फरक असणारच ना.

मिरजेचा_तारवाला

आमच्या घरी चार पिढ्या सतारी बनतात. धागा वाचून दोन शंका.

सतारीची जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर खुलवताना, घोडीवर कानस किती चालवायची ते डोळ्याला दिसत नाही. तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हात मारायचा. एक हात जास्त झाला की घोडी गेली. तर ह्या यंत्राला हाताला लागतं का काही? दुसरं, ते हात आतून कशाने हलतात? मोटर एवढ्या बारीक जागेत बसणार नाही.

बंगळुरात_पडीक

तारवाले काका, दुसरा प्रश्न आधी, कारण तो तुमच्याच धंद्यातला आहे. त्या अवजारांच्या दांड्यातून बारीक तारा जातात. मोटर मागे असते, ती तार ओढते आणि पुढचा चिमटा हलतो. आणि तार म्हटली की ती ताणते, सैलावते, वळणावर घासते. म्हणजे मोटर सांगते "मी इतकी फिरले", पण चिमटा नेमका तिथे पोचलेला नसतो. माणूस चालवत असताना ही चूक कळतही नाही, कारण डोळ्यांनी बघून हात आपोआप सावरतो. यंत्र स्वतः चालायला लागलं की हीच चूक गळ्याशी येते.

२०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि स्टॅनफर्डच्या टीमने ह्यावर साधी युक्ती काढली. "अमुक जागी जा" असं यंत्राला शिकवायचंच नाही. "आत्ता जिथे आहेस तिथून इतकं सरक" असं शिकवायचं. कॅमेऱ्यात बघ, सरक, पुन्हा बघ. तुम्ही नवीन तार चढवल्यावर खुंटी एकदाच मोजून फिरवता का? ऐकता, पिळता, पुन्हा ऐकता. तेच.

पहिला प्रश्न. दा विंचीला वर्षानुवर्षं स्पर्श कळत नव्हता, सर्जन धागा किती ताणलाय ते डोळ्यांनी ओळखायचे. जोर हाताला जाणवणारी दा विंची फाइव्ह २०२४ मध्ये मान्यता मिळून आली. स्टारच्या शिवणाऱ्या अवजाराला धाग्याचा ताण मोजणारा सेन्सर होता.

मिरजेचा_तारवाला

समजलं. पण तुमचं यंत्र बघत-बघत सरकतं, आम्ही ऐकत-ऐकत. बघून जवारी निघत नाही एवढं लिहून ठेवा.

नुसताच_वाचक

मला हा सगळा साइटेशनचा कारभारच बोगस वाटतो. २०२४ मध्ये दोघा संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर डझनभर खोटे पेपर टाकून गूगल स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स ११ वर नेऊन दाखवला. मांजर! आणि आपण इथे भाचीचं करिअर त्या तक्त्यावरून ठरवतोय.

हळदबाजार

मांजराचं खरं असेल तर मीही आमच्या बोक्याचं खातं उघडते. तो दिवसभर काही करत नाही, पीएचडी गाइडच्या सगळ्या अर्हता आहेत.

प्रा_चहावाले

हळदताई, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

मांजराची गोष्ट खरी आहे, आणि ती विकतची साइटेशन किती सहज मिळतात ते दाखवायलाच केली होती. एक जुनं मांजरही आहे, त्याची गोष्ट मात्र प्रामाणिक. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याचा पेपर 'आम्ही' लावून टाइप केला. त्या नियतकालिकाला एकट्या लेखकाने 'आम्ही' म्हटलेलं चालत नव्हतं. सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्याने घरच्या सयामी मांजराला सहलेखक केलं. मांजराचं घरातलं नाव चेस्टर, पेपरावर छापलं एफ. डी. सी. विलर्ड. पेपर खरा होता आणि छापलाही गेला.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कॉलेजचं नाव विचारू नका. काही वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये एक यादी फिरली. प्रत्येकाने आपल्या पुढच्या पेपरात सहकाऱ्यांचे निदान तीन पेपर साइट करायचे, विषय कुठलाही असो. माझा पेपर कंपनांवर होता. त्यात मी काँक्रीटच्या मिश्रणावरचा आणि वायरलेस सेन्सरवरचा पेपर घुसवला. वाक्य कसं लिहिलं ते आजही पाठ आहे: "अलीकडे विविध क्षेत्रांत उल्लेखनीय संशोधन झाले आहे." पुढे कंसात तीन नावं. त्या वर्षी आमच्या सगळ्यांचे आकडे वाढले, सत्कारही झाला, नारळ मिळाला. नारळ मी घरी नेला नाही, शिपाईमामांना दिला.

म्हणून हर्श यांनीच २०२० मध्ये आपल्या इंडेक्सच्या वाईट परिणामांबद्दल लिहिलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. पण वाचकराव, सगळंच बोगस म्हणू नका. तराजूत दगड ठेवणारे आहेत म्हणून कुणी बाजारात जायचं सोडत नाही.

डॉ_टाका

साइटेशन नसलं तरी काम मोठं असू शकतं, ह्याचं आमच्या शाखेतलं उदाहरण. आज दुर्बिणीने पित्ताशय काढणं म्हणजे सकाळी ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी घरी. जगात हे पहिल्यांदा १२ सप्टेंबर १९८५ ला जर्मनीत एरिख म्यूहे यांनी केलं. पुढच्या वर्षी त्यांनी जर्मन सर्जनांच्या परिषदेत ते मांडलं, तर लोकांनी 'मिकी माउस सर्जरी' म्हणून टर उडवली. नाव फ्रेंच सर्जनांचं झालं. म्यूहेंना त्याच संस्थेने १९९२ मध्ये गौरवलं, तोवर हे ऑपरेशन मुंबईतही पोचलं होतं. जे. जे. मध्ये डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० मध्ये केलं. १९८७ साली म्यूहेंचं स्कॉलरचं पान असतं तर ताईंनी ते बघून काय म्हटलं असतं?

बंगळुरात_पडीक

पित्ताशयावरून आठवलं. जुलै २०२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्याच लोकांचा 'एसआरटी-एच' नावाच्या रोबॉट-प्रणालीवरचा पेपर आला, अ‍ॅक्सेल क्रीगर यांची लॅब, पहिलं नाव जी वूंग किम. सर्जनांच्या कामाचे व्हिडिओ दाखवून यंत्राला शिकवलंय, वर तोंडी सूचनाही घेतं. "डावा हात थोडा डावीकडे" म्हटलं की सरकतं आणि त्यातून शिकतं. आठ पित्ताशयं, प्रत्येकी १७ कामं, आठही यशस्वी. पेपर वाचून मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या. रोबॉट डॉक्टर झालाच म्हणायचं आता!

डॉ_टाका

सबुरीने घ्या भावा. मीही वाचलाय. पित्ताशयं डुकराची, शरीराबाहेर काढलेली. रक्त वाहत नाही, श्वास नाही. आणि यंत्राने केलं ते क्लिप लावायचं आणि कापायचं काम: पित्तनलिका आणि रक्तवाहिनी, दोन्हींवर क्लिपा, मग मधून कात्री. ह्या ऑपरेशनमध्ये जीव जातो तो त्याच्या आधीच्या भागात. सूज आलेल्या चरबीतून त्या दोन नळ्या मोकळ्या करायच्या आणि तिसरी, मुख्य पित्तनलिका, ही नव्हे ह्याची खात्री करायची. चुकीची नळी कापली की पेशंट आयुष्यभर भोगतो. माझे अर्ध्याहून जास्त पांढरे केस तिथलेच.

तरी कबूल करतो, क्लिप निसटल्यावर यंत्र स्वतः सावरून पुन्हा लावतं ते बघून मी खुर्चीत पुढे सरकलो.

बंगळुरात_पडीक

मान्य. 'डॉक्टर झाला' मागे घेतो.

ओटीतला_बाळू

माझा एकच सवाल. ते चुकलं तर सही कुनाची? संमतीच्या फार्मवर अंगठा पेशंटचा, खाली नाव डॉक्टरचं. यंत्र कंपनीचं. मला कोर्टात बोलावतील का?

नुसताच_वाचक

बाळूदादा, तुम्हालाच बोलावतील. कव्हर कुणी घातलं होतं म्हणून.

संपादक

दायित्व, विमा आणि कोर्ट ह्यांवरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. दोन प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे उडवले. कृपया भाचीच्या प्रश्नावर राहा.

भाची_बोलतेय

नमस्कार, मीच ती. मामाने न विचारता धागा काढला, आणि आईचं वाक्य आता माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही फिरतंय. असो.

चहावाले सर आणि पडीकदादांचं वाचून मी एक काम केलं. तरुण संशोधकाचा तो पेपर ज्यांनी साइट केलाय त्यांच्यातले जे पेपर मोफत उघडले ते घेतले, आणि प्रत्येकात हवाला कुठल्या वाक्यात आलाय तेवढंच शोधलं. बरेच ठिकाणी पहिल्याच परिच्छेदात, "रोबॉट आता स्वतः शस्त्रक्रिया करू लागले आहेत" ह्या वाक्यापुढे पाच-सहा आकड्यांच्या रांगेत. म्हणजे पडीकदादांची लग्नपत्रिका. पण काहींनी ह्याचीच मोजमापं घेतलीत, टाक्यांचं अंतर आणि गळतीचा दाब त्याच पद्धतीने मोजलाय आणि आपला आकडा त्याच्या शेजारी ठेवलाय. एकाने तर उघड म्हटलंय की ही पद्धत आमच्याकडे रक्त आल्यावर चालली नाही. मला तो सगळ्यात आवडला. स्कॉलरच्या तक्त्यात मात्र त्या तिघांचं वजन एकच, प्रत्येकी एक.

मग मोठ्या नावाच्या प्रोफेसरांचंही तसंच बघितलं. त्यांच्या नव्या पेपरांत त्यांचं नाव शेवटी असतं, लॅबप्रमुख म्हणून, ते ठीकच. पण पहिली नावं दर पेपरला वेगळी, आणि ती मुलं पुढे कुठे गेली ते शोधलं तर चांगल्या ठिकाणी लागलेली दिसली. हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी फक्त मार्गदर्शकाचा एच-इंडेक्स बघत होते, त्याच्या विद्यार्थ्यांचं पहिलं नाव बघायला हवं होतं. म्हणजे आता माझा गोंधळ कमी न होता वाढलाय, आभारी आहे.

डॉ_टाका सर, एक विनंती. मी गळतीच्या दाबाबद्दल इतकं वाचलंय पण आयुष्यात आतडं शिवलेलं नाही. ते बोकडाचं काही जमेल का?

डॉ_टाका

जमेल. रविवारी सकाळी. क्लिनिकच्या मागच्या खोलीत ट्रे आहे. मामालाही आणा. बाळू, तू ये रे, सुई पकडायची ती तूच दाखव. आणि जुना एप्रन घालून या, निळं जात नाही.

हळदबाजार

ताईंनाही न्या! त्यांच्याशिवाय ह्या धाग्याला अर्थ नाही.

कृष्णाकाठ

रविवारचा अहवाल. ताई आली होती. ट्रे बघितल्यावर ती दारातच स्टूल घेऊन बसली, नाकाला पदर लावून, पण नजर हलली नाही.

भाचीने सव्वा तास घेतला. पहिल्या चार टाक्यांना सुई तीन वेळा उलटी पकडली. आतडं ओलं असतं, बोटांतून सटकतं, आणि कड आत वळते ती प्रत्येक वेळी बाहेर काढावी लागते. बाळूराव चिमट्याने कड धरून उभे होते. डॉक्टर हात मागे बांधून. शेवटी गाठ मारली तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम बाळूरावांनीच गॉजने टिपला, अगदी ओटीत टिपतात तसा.

मग निळं पाणी. सिरिंज मी धरली, कारण प्रेशर हा माझा विषय आहे असं मी जाहीर केलं होतं. आतडं हळूहळू फुगलं, टाके ताणले, काही झालं नाही. भाची हसायला लागली. मी अजून थोडं दाबलं.

सातव्या आणि आठव्या टाक्याच्या मधून एक निळा थेंब आला, मग बारीक धार. डॉक्टर काही बोलले नाहीत, पुढे आले आणि तिथे बोट ठेवलं.

"अंतर जास्त पडलं व्हय तिथं," बाळूराव म्हणाले.

दारातून ताई म्हणाली, "आणि यंत्राचं तिथं गळलं नसतं?"

"त्या जागी नसतं गळलं बहुतेक," भाची म्हणाली, "पण आई, ते ओलं आतडं त्याच्यापुढे असं धरून ठेवायला बाळूकाका लागले असते."

ती म्हणाली आणखी एक आतडं आहे का. होतं. ताईने स्टूल आत घेतलं.